एकच चेहरा

लेकीचा, सृष्टीचा पेपर चालू होता त्या मोबाइलवर लाल पट्टी आली आणि माझ्या हातातला तांब्या हातातच राहिला. पट्टीवर मराठीतच लिहिलं होतं, एकापेक्षा जास्त चेहरे दिसत आहेत, ही पहिली सूचना. तिसऱ्या सूचनेला पेपर आपोआप बंद पडणार, हे सृष्टीने मला आदल्या दिवशी बजावून बजावून सांगितलं होतं. तिने बोलायचं नाही, मागे वळायचं नाही, आणि कॅमेऱ्यात तिच्याशिवाय कुणी दिसायचं नाही. घराचा नुसता तुरुंग झाला होता. पण पास झाली तर डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी दोन वर्षांची शिकवणी, राहणं-जेवण सगळं फुकट, आणि संधी एकदाच.

म्हणून तर सासूबाईंना दारात बसवलं होतं. साळूबाई म्हटलं की मखमलाबादचे अर्धे मळे वचकून असतात. फुलं न्यायला आलेल्या टेम्पोवाल्यालाही त्यांनी दारातून पिटाळलं. मग आत दुसरा चेहरा कुणाचा? माझाच असणार, असं वाटून मी ओट्याखाली अंग चोरून बसले. मेली एवढीशी खोली, लपणार तरी कुठे.

तेवढ्यात दुसरी पट्टी आली. सृष्टी वळली नाही, बोलली नाही. पायाचा अंगठा मात्र तिने जमिनीत रोवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी रांगत पुढे गेले आणि बाजूने मोबाइलकडे पाहिलं. कोपऱ्यात तिचं छोटं चित्र दिसत होतं, तोंडाभोवती हिरवा चौकोन. आणि तिच्या खांद्याच्या वर, भिंतीवर, आणखी एक हिरवा चौकोन. त्यात ह्यांचा फोटो.

सकाळी ढगाळ होतं तोवर काही झालं नाही. आता खिडकीतलं ऊन थेट फोटोवर आलं होतं, आणि हे आपले हसत होते. अगं बाई, हे सगळं माझंच केलेलं! वडिलांचा हात पाठीवर असावा म्हणून खुर्ची मीच तिथे ओढली, फोटो पुसला, शेवंतीचा ताजा हार घातला. सृष्टी नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. बाजारात ज्यांच्याकडे कुणी मान वर करून बघितलं नाही, त्यांना यंत्राने जिवंत माणूस धरलं. राग आला, आणि खरं सांगते, क्षणभर बरंही वाटलं.

उभी राहिले तर मी दिसणार. दाराआड शेवग्याच्या शेंगा काढायची आकडी होती, ती घेतली. आकडीला तोंड नसतं, एवढाच काय तो भरवसा. खुर्चीमागे जमिनीवर आडवी झाले, आकडी वर नेली आणि फोटोची दोरी खिळ्यावरून उचलायला लागले. काच फुटली असती तर लेक दचकून वळली असती आणि सगळंच संपलं असतं. मनात म्हटलं, अहो, आयुष्यभर माझं ऐकलं नाहीत, आज तरी ऐका, या खाली.

दोरी सुटली. फोटो भिंतीवरून घसरत आला तो माझ्या छातीवर. कोपरा ओठाला लागला, रक्ताची चव आली, पण आवाज झाला नाही.

तिसरी पट्टी आली, ती हिरवी. त्यावर काय होतं ते सृष्टीने नंतर सांगितलं. आता एकच चेहरा दिसत आहे, परीक्षा सुरू ठेवा.

वेळ संपेपर्यंत मी तशीच पडून राहिले, ह्यांना उराशी धरून. काच उन्हाने कोमट झाली होती. रडू आलं ते गिळलं, लेकीचा पेपर चालू होता ना.

पेपर संपला तशी सृष्टी वळली आणि खाली बसून माझा ओठ पुसायला लागली. सगळं सोडवलं म्हणाली. तिचा आवाज ऐकून सासूबाई आत आल्या. पेपर कसा गेला हे विचारायच्या आधी त्यांची नजर रिकाम्या खिळ्यावर गेली.

"निवृत्ती कुठं गेला गं?"

"माझ्यापाशी हाय, आत्याबाई."

त्या गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या आणि हारातून गळलेली शेवंती एकेक करून ओच्यात घ्यायला लागल्या.