सार्थकचा स्विच

आमच्या आतल्या खोलीत, पलंगाच्या उशाशी, जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर एक स्विच आहे. पाहुणे विचारतात, इतका खाली कशाला? मी सांगते, आमच्याकडे बुटके लोक राहायला येतात. पुण्यात असं उत्तर दिलं की माणसं पुढचं विचारत नाहीत.

तो स्विच ह्यांनी बसवला. हे म्हणजे हिंमतराव, माझे यजमान. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं वायरमन होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण टेस्टर अजून शर्टाच्या खिशात असतो, लग्नकार्याला जातानासुद्धा.

आमचा मुलगा शुभंकर आणि सून प्रियदर्शनी वेगळे झाले, त्याला तीन वर्षं झाली. शुभंकर नोकरी घेऊन जर्मनीला निघून गेला. नातू सार्थक आईजवळ, कात्रजला. दर पंधरा दिवसांनी शनिवारी प्रियदर्शनी त्याला सकाळी आमच्या फाटकाशी सोडायची आणि संध्याकाळी न्यायला यायची. कुठल्या कोर्टाने तसं सांगितलेलं नव्हतं, ती आपणहून आणायची. तरी मी तिला एकदाही वर चहाला बोलावलं नाही. माझा स्वभाव तसा आहे.

आधी सार्थक मुक्कामालाही राहायचा. मग हळूहळू ते बंद झालं. आणि मार्चमध्ये कळलं की प्रियदर्शनीची बदली बंगळूरला झाली आहे, शाळा संपली की दोघं जाणार. तिकडे गेलेलं पोर आपलं राहत नाही, हे मी मुलाच्या बाबतीत बघून बसले होते.

मी फोनवर सार्थकला गाठलं. नऊ वर्षांचं पोर फोनवर फार वेळ थांबत नाही, म्हणून एका दमात विचारून टाकलं, "हल्ली राहायला का येत नाहीस रे? आणि तिकडे गेल्यावर आपण भेटायचं तरी कसं?"

"आजी, तुझ्याकडे स्विच नाहीये ना!" तो म्हणाला. मागून आईची हाक आली आणि फोन बंद झाला.

मी ह्यांना सांगितलं, तुमचा नातू म्हणतो, तुमच्याकडे स्विच नाही म्हणून राहत नाही. मला वाटलं हे हसतील. हे उठून आतल्या खोलीत गेले, दार लावून घेतलं, दिवा घालवला आणि अंधारात पलंगापर्यंत चालून बघितलं. गुडघा आपटल्याचा आवाज मी बाहेर ऐकला.

"बरोबर बोलतंय पोरगं," बाहेर येऊन म्हणाले. "बोर्ड दाराशी, कपाटामागे. दिवा मालवून अंधारात पलंगावर यायचं म्हणजे भीती वाटत असणार त्याला. एवढी वर्षं मी लोकांच्या शेडमध्ये दिवे लावले आणि माझ्या घरात हे."

दोन दिवस भिंत फोडली. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी जमिनीवर बसून छिन्नी-हातोडा. मी धुळीच्या नावाने शंख केला, पण ह्यांनी ऐकून घेतलं नाही. "टू-वे बसवलाय. दाराशी लावायचा, उशाशी मालवायचा. त्याचा हात पुरेल अशा उंचीवर," असं मला तीनदा दाखवलं.

शनिवारी सार्थक आला. ह्यांनी त्याला हाताला धरून आत नेलं. पोराने त्या स्विचकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं आणि पलंगावर आडवा होऊन हसत सुटला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "आजोबा, स्विच म्हणजे गेम! टीव्हीला लावतात तो!" हेही हसले. पोराने मग तो स्विच वीसदा तरी चालू-बंद केला. आमच्या घरात इतकं हसणं कितीतरी दिवसांनी झालं होतं.

मला मात्र वाटलं, आता सगळं कळलं. कात्रजच्या घरी गेम आहे, आमच्याकडे नाही, म्हणून पोर रमत नाही. गेम आणली की राहील, आणि सुट्टी लागली की बंगळूरहूनही येईल. येण्यासाठी काहीतरी हवं असतं. आजी-आजोबा पुरत नाहीत, हे मी मनाशी कबूल करून टाकलं. कबूल करताना फार दुखलं.

पुढच्याच आठवड्यात आम्ही शिवाजीनगरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथली तनुजा नावाची मुलगी फार चांगली होती. आम्हा दोघांना बघून तिने आधी मिक्सर कुठे आहेत ते दाखवलं, पण ते सोडून देऊ.

ह्यांनी तिला विचारलं, "स्विच पाहिजे. किती वॅटचा येतो?"

तिने हसू दाबलं आणि एक चपटी पाटी पुढे ठेवली. मध्ये पडदा, दोन्ही बाजूंना दोन लहान दांडे. "काका, हा असा टीव्हीच्या स्टँडमध्ये बसवला की टीव्हीवर खेळायचं. आणि उचलला की हातात. बॅगेत टाकून कुठेही नेता येतो. मुलांना म्हणून तर आवडतो."

माझं मन तिथेच फिरलं. बॅगेत टाकून नेता येतो. सार्थकची छोटी सायकल आमच्याकडे होती, ती कात्रजला गेली. कॅरम गेला, गोष्टींची पुस्तकं गेली. जे जे नेण्यासारखं होतं ते ते गेलं आणि त्याच्याबरोबर पोरगं थोडं थोडं गेलं. आता हेही शनिवारी बॅगेत बसून जाणार.

"न नेता येणारं काही आहे का?" मी विचारलं.

तनुजाने प्लेस्टेशन दाखवलं. चांगलं पोळपाटाएवढं धूड, वजनदार, टीव्हीशिवाय चालत नाही. मी म्हटलं, हेच द्या.

"अगं, पोराने नाव सांगितलंय," हे हळूच म्हणाले. "आमच्याकडे इंडेंटवर, म्हणजे मागणीच्या कागदावर, जे लिहिलेलं असेल तेच स्टोअरमधून आणायचो. दुसरं कितीही भारी असलं तरी."

"हा कारखाना नाही," मी म्हटलं. ह्यांनी पाकीट काढलं. माझ्यापुढे हे नेहमीच गप्प बसतात आणि मी त्याला संसार म्हणते.

मग बाकीचं सामान. हातात धरायचे दोन कंट्रोलर घेतले, एक सार्थकला, एक ह्यांना. ते उभे ठेवून चार्ज करायचा स्टँड घेतला. हेडफोन तनुजाने पुढे केले ते मी परत सारले. कानात बोळे घालून बसला तर आमची हाक कशी ऐकू जाणार? ह्यांनी लांब केबल निवडली, म्हणजे टीव्हीपासून मागे बसता येईल, डोळे बिघडणार नाहीत. घरी आल्यावर टीव्हीमागचं अर्थिंग तपासून नवीन प्लग बसवला.

सार्थक मेच्या शेवटच्या शनिवारी आला. मधले शनिवार परीक्षा आणि बांधाबांधीत गेले होते. ह्यांनी टीव्हीवर टाकलेला टॉवेल जादूगारासारखा ओढला.

"वॉव," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण हा स्विच नाहीये."

"त्याहून मोठा आहे," मी म्हटलं.

तो शहाण्यासारखा खाली बसला. ह्यांना बटणं शिकवली, वीस मिनिटं खेळला. मी आतून शिरा घेऊन आले तर दोघंही कंट्रोलर खाली ठेवून नुसते बसले होते.

"आवडलं नाही का रे?"

"छान आहे गं. पण मी स्विच का सांगितला, माझ्याकडे स्विच होता ना. तुमच्याकडे पण असता तर आपण रोज खेळलो असतो. मी बंगळूरहून, आजोबा इथून, नेटवरून. ती कारची गेम फक्त स्विचवर असते. तूच विचारलंस ना, तिकडे गेल्यावर कसं भेटायचं? मी तर सांगितलं होतं तुला."

मी शिऱ्याची बशी खाली ठेवली. मी दोन प्रश्न विचारले होते. पोराने दुसऱ्याचं उत्तर दिलं, मी ते पहिल्याला लावलं. तो भेटायची वाट सांगत होता आणि मी त्याला अडकवून ठेवायचं यंत्र घेऊन आले.

हे उठलेसुद्धा. खिशातला टेस्टर चाचपत म्हणाले, "आत्ता जातो आणि घेऊन येतो. त्यात काय एवढं!"

"आता नको आजोबा. मी माझा स्विच मित्राला, तेजसला देऊन टाकला, मागच्या रविवारी. आई म्हणाली होती, आजोबा घेणार असतील तर तुझा ठेव, तुम्ही दोघं खेळत जा. नाहीतर देऊन टाक, तिकडे नवीन शाळा आहे." तो बोटांनी गालिच्याचे धागे ओढत होता. "मी खूप दिवस वाट बघितली. मग दिला. आता आईला प्रॉमिस केलंय, गेम बंद. तिकडे ग्राउंड आहे, मी फुटबॉल घेतलाय."

प्रियदर्शनी असं म्हणाली होती. तिने आमच्यासाठी दार उघडं ठेवलं होतं, आणि तीन वर्षं मी तिला फाटकावर उभं ठेवलं. संध्याकाळी ती आली तेव्हा मी खाली गेले. चहाला वर ये, म्हटलं. ती म्हणाली, "पुढच्या वेळी नक्की, आई. सामानाचा ट्रक यायचाय." तिचा आवाज मऊ होता, त्याने मला जास्तच लागलं. गाडी वळेपर्यंत सार्थक हात हलवत होता. हे फाटकाच्या कडीला धरून उभे होते.

पोराचं उत्तर मी भलत्याच प्रश्नाला लावलं, हे ह्यांच्यापाशी मी अजून कबूल केलेलं नाही. ह्यांना वाटतं, चूक ह्यांच्या समजुतीची, आधी भिंतीचा स्विच समजले म्हणून उशीर झाला. दर शनिवारी हे ते धूड पुसतात आणि दहा मिनिटं चालू ठेवतात. मशीन नुसतं पडून राहिलं की खराब होतं म्हणे. दोन्ही कंट्रोलर चार्ज केलेले असतात.

सार्थकचा रविवारी फोन येतो. मी आता एका वेळी एकच प्रश्न विचारते आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबते. उत्तरं बहुतेक 'हो' किंवा 'छान' अशी असतात.

गेल्या रविवारी त्याने विचारलं, "आजी, तुम्ही जेवलात का?"

बोलायला लागल्यापासून तो मला 'तू' म्हणत आला आहे. तुम्ही म्हणजे आजोबा आणि मी, दोघांचं मिळून विचारत असेल. तसंच असणार.

"हो रे, जेवलो आम्ही," मी म्हटलं आणि दुसरं काही विचारलं नाही.