कुलूपबंद होडी

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, टॉरेसच्या सामुद्रधुनीतल्या आमच्या बेटावर पोलीस म्हणजे मी एकटी. खात्याने वर्दी दिली, होडीही दिली, आणि माझ्याकडे लायसन्स नाही म्हणून त्याच होडीला साखळी घालून कुलूप ठोकलं. किल्ली मोठ्या बेटावरच्या ठाण्यात, परीक्षा त्याहून लांब. सात वर्षांची होते तेव्हापासून या खडकांमधून होडी चालवतेय, ते विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

शनिवारी कासवं धरायला गेलेले सिलासमामा परतले नाहीत. मी ठाण्याला फोन लावला.

"हेलिकॉप्टर उद्या मिळेल," साहेब म्हणाले. "तोवर काही करू नका."

मी पहारीने कुलूप फोडलं. तासाभरात मामा सापडले, उलटलेल्या होडक्याला धरून लोंबकळत होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांना आमच्या बेटावर उतरवून हेलिकॉप्टर पुढे गेलं. साहेबांनी मामांची साधी चौकशीही केली नाही.

"कुलूप कुणी तोडलं?"

"मी."

सरकारी मालमत्तेचं नुकसान, विनापरवाना होडी चालवणे. त्यांनी सगळं लिहिलं, मी सही केली. मग त्यांनी घड्याळ पाहिलं.

"डॉर्कसबाई, मला जरा पलीकडच्या बेटावर सोडा. चारला मीटिंग आहे."

"लायसन्स कुठंय साहेब माझ्याकडे? आत्ताच तर तुम्ही लिहून घेतलंत."