बेवारस ठकी

मावशीला गप्प बसायला सांगणं म्हणजे उकळत्या दुधाला वर येऊ नको म्हणण्यासारखं होतं. तरी भाच्याने ते सांगितलं, आणि वर स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. भाचा नुकताच वकील झाला होता. काळा कोट इतका नवा, की तो खाली बसला की कोटच आधी कुरकुरायचा. पहिलाच खटला आणि तोही घरचा, त्यामुळे त्याच्या अंगात वारं शिरलं होतं.

झालं होतं असं. मावशीची शेळी ठकी भर दुपारी दावं तोडून निघाली आणि शेजारच्या टोपवाल्याच्या दुकानात शिरली. टोपवाला नाटकमंडळींना टोप, दाढ्या, मिशा करून द्यायचा. एकेक केस जाळीत ओवून गाठ मारायची. एका दाढीत माणसाचे डोळे जातात. जेवून तो जरा आडवा झाला होता. उठून बघतो तर अख्ख्या नाटकाच्या दाढ्या फस्त, आणि ठकी स्वतःची दाढी हलवत सेनापतीची मिशी चघळत उभी. संध्याकाळच्या प्रयोगाला राजा, प्रधान, सेनापती असे तिघेही गुळगुळीत हनुवटीने आले. राजाच्या मरणाला लोक इतके हसले की मेलेला राजा रागारागाने उठून आत निघून गेला.

टोपवाल्याने दावा लावला आणि ठकीची रवानगी कोंडवाड्यात झाली.

"कायदा सरळ आहे," भाचा म्हणाला. "मोकाट जनावराने नुकसान केलं तर ते मालकाने भरून द्यायचं. पण मालकच नसेल तर कोण भरणार? तू फक्त मान हलवायची. शेळी माझी नाही, बस्स."

"अरे पण माझी आहे ना!"

"ते सिद्ध करणं त्यांचं काम. पावती आहे? कागद आहे? मग? निकाल लागला की कोंडवाड्यातून गुपचूप सोडवून आणू. नाहीतर भरपाईपायी ठकीलाच विकायची पाळी येईल, बघ बाई."

ही मात्रा बरोबर लागू पडली. मावशीला मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि दिवसभराचं सगळं बोलणं ती ठकीपाशीच करायची. ठकी उलट उत्तर देत नसे आणि ऐकता ऐकता उठूनही जात नसे. असं माणूस मावशीला उभ्या जन्मात भेटलं नव्हतं. ठकी कोंडवाड्यात गेल्यापासून घर तिला खायला उठलं होतं.

सुनावणीच्या दिवशी भाच्याने हुशारीची कमाल केली. ठकीने ओळखू नये म्हणून मावशीला आपल्या बायकोची साडी नेसवली, अंगावर बायकोचं अत्तर शिंपडलं आणि सगळ्यात मागच्या बाकावर बसवलं. "आणि तोंडातून ब्रसुद्धा काढू नकोस. तुझा आवाज ऐकला की संपलं."

कोंडवाड्याच्या शिपायाने ठकीला दोरीने आत आणलं. पोट आत गेलेलं, कानाला चिखल लागलेला. 'मेल्यांनो, पाणी तरी पाजलंत का?' हे वाक्य मावशीच्या अगदी ओठांवर आलं आणि तिने ते पदराच्या बोळ्यासकट गिळलं. ठकीने मागे मान वळवून हुंगलं. अत्तर नाकात गेलं, ती फटकन शिंकली आणि तिने तोंड फिरवलं. भाचा खुशीत आला. मावशीला मात्र रडू फुटायचं बाकी राहिलं.

टोपवाल्याने सेनापतीची उरलेली अर्धी मिशी पुरावा म्हणून टेबलावर ठेवली. "शेळी मावशींचीच आहे. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे."

"गल्लीला ठाऊक असणं हा पुरावा नव्हे," भाचा कडाडला.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून मागच्या बाकाकडे पाहिलं. "बाई, ही शेळी तुमची?"

मावशीने नाही म्हणून मान हलवली. ती हलवताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

"त्यांचा घसा बसलाय," भाच्याने घाईघाईने सांगितलं.

"असं का," न्यायाधीशबाई म्हणाल्या आणि त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडलं. "तुम्ही म्हणता ते कलम बरोबर आहे, वकीलसाहेब. पण त्याला खाली आणखी एक ओळ आहे. मालक सापडला नाही, तर जनावर भरपाईदाखल नुकसान झालेल्याला द्यावं. शेळी बेवारस आहे. टोपवाले, घेऊन जा."

भाच्याचा चेहरा खर्रकन उतरला. आपल्या उपयोगाची ओळ सापडल्यावर पुढचं वाचायचा त्याला लहानपणापासून कंटाळा.

टोपवाला पुढे आला. ठकीभोवती एक फेरी मारली, पाठीवरून हात फिरवला, मांडी चाचपून पाहिली. मग सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "चालेल. रविवारी घरी पाहुणे यायचेच आहेत."

"ठके!"

छताचा पंखा थांबला असेल त्या आवाजाने. ठकीने असा हिसडा दिला की शिपाई दोरीसकट खाली बसला. मग ती दोन बाकं ओलांडून, भाच्याच्या कोऱ्या कोटावर खुरांचे ठसे उमटवून थेट मावशीच्या मांडीत येऊन पडली.

"माझी आहे! माझीच आहे!" मावशी रडत होती आणि बोलतही होती. "खोटं बोलले मी. काय दंड करायचा तो मला करा. पण तिच्या अंगाला हात लावाल तर याद राखा! किती वाळलीस गं, काय खायला घातलं या मुडद्यांनी तुला?"

"घसा सुटला म्हणायचा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. मग त्यांनी निकाल दिला. मावशीकडे पैसे नाहीत, तेव्हा तिने टोपवाल्याच्या दुकानात बसून, ठकीने खाल्लेल्या सगळ्या दाढ्या पुन्हा गाठवून द्याव्यात. शेळी मावशीची, आणि दावं जाड घ्यावं.

बाहेर पायऱ्यांवर मावशीने टोपवाल्याला गाठलं. "रविवारी कोण पाहुणे येतात रे तुझ्याकडे?"

"कोणी नाही," तो मिशीतल्या मिशीत हसला. "मी तर अंडंही खात नाही. पण तुम्ही घटकाभर गप्प बसला होतात, मावशी. मला राहवेना."

मावशीने त्याला शिव्या घातल्या, पण दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला गेली. ठकीला दुकानाच्या दाराशी बांधलं, हातात सुई घेतली आणि तोंड उघडलं. ते संध्याकाळी दुकान बंद होईपर्यंत मिटलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

आठवडा उलटायच्या आत टोपवाला भाच्याच्या दारात उभा होता. भाच्याकडे आलेली मावशी आत स्वयंपाकघरात चहा गाळत होती, आणि पुढच्या खोलीतलं तिला लख्ख ऐकू येत होतं.

"वकीलसाहेब, दावा मागे घेता येतो का हो? दाढ्या नकोत मला. मी करीन माझ्या मी."

भाच्याने पुस्तक काढलं. या वेळी कलम अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, पान उलटून मागचंही पाहिलं.

"निकाल लागून गेलाय," तो म्हणाला. "आता शेवटची दाढी होईस्तोवर मावशी तुमच्याच."