दुसरा ब्रेक

मी एक जुना ब्रेक आहे, मित्रांनो, आणि तोही दुसरा. साध्या गाडीत ब्रेक एकच असतो, चालवणाऱ्याच्या पायाखाली. पण गाडी शिकवणाऱ्या शाळेच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक बसवतात. शिकणाऱ्याचा गोंधळ उडाला की शेजारी बसलेला मास्तर तो दाबतो आणि गाडी थांबते. तो शेजारचा ब्रेक म्हणजे मी.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यातला नाही. एका गॅरेजमध्ये मिस्त्रीने लोखंडाची पट्टी कापली, वाकवली, वर रबर चढवलं आणि लांब दांडी घालून मला मोठ्या ब्रेकशी जोडलं. तीन वेळा दाबून पाहिलं आणि मग तो मास्तरांना म्हणाला, "याला जप. तुझी अब्रू हाच राखणार आहे."

मी राहतो खाली, अंधारात. मला रस्ता दिसत नाही, माणसांची तोंडं दिसत नाहीत. मला दिसतात ते बुटांचे तळ, आणि ऐकू येतं ते बोलणं. मास्तरांचा तपकिरी बूट टाचेला बाहेरच्या बाजूने झिजलेला होता. सोळा वर्षं तो बूट माझ्यावर हलकेच टेकलेला असे. कधी दाबायचं हे त्या बुटाला मास्तरांच्याही आधी कळायचं, असं मला वाटे.

काय काय माणसं शिकायला आली. एक शिंपीणबाई होत्या. त्या क्लच असा हलवायच्या की जणू शिवणयंत्रच चालवतायत. गाडी बेडकासारखी उड्या मारत निघायची. एक निवृत्त हेडमास्तर वळण आलं की डोळे मिटायचे. अशा वेळी मास्तर मला दाबत आणि वर शांतपणे म्हणत, "काही झालेलं नाही. परत पहिला गिअर." एकदा रस्त्यात अचानक एक पोर चेंडूमागे धावत आलं. मास्तरांनी मला असं दाबलं की माझं रबर फाटलं. पोर वाचलं. संध्याकाळी मिस्त्रीने नवं रबर चढवताना मला थोपटलं, तेव्हा माझी छाती अभिमानाने फुगली होती. लोखंडाला छाती नसते, पण फुगली होती खरी.

मास्तरांचा एक नियम होता. धड्याला आलेल्याचा फोन पत्र्याच्या डब्यात, डबा मागे डिकीत, मग किल्ली हातात. कोणी कुरकुर केली तर ते म्हणत की दोन डगरींवर पाय ठेवणारा पाण्यात पडतो, आणि इथे तर पाणीही नाही, डांबर आहे. त्या डब्याची गावभर थट्टा व्हायची. पण मास्तरांकडे शिकलेला माणूस गाडीत फोनला हात लावत नाही, असं लोक मानाने सांगायचे.

फक्त मास्तरांचा स्वतःचा फोन डब्यात जात नसे. उद्याच्या धड्याची वेळ विचारायला लोक दिवसभर फोन करत, मेसेज पाठवत. मास्तर चालवत थोडेच होते? ते शेजारी बसलेले. एक डोळा रस्त्यावर, एक फोनवर आणि पाय माझ्यावर. गाडी जराशी वाकडी गेली तरी त्यांना पायातून कळे. वर्षानुवर्षं हे असंच चाललं आणि ती खोड अंगात मुरली. ती मुरली हे त्यांना कळलं नाही. मलाही कळलं नाही, खोटं कशाला बोलू.

मास्तरांना एक मुलगी. तिला घरात सगळे खारू म्हणत, कारण ती सीटवर पाय दुमडून बसायची आणि सदा काहीतरी कुरतडत असायची. पाय दुमडून बसायची सवय तिला माझ्यामुळे लागली. ती पाच वर्षांची असताना बाबांच्या शेजारी बसली होती आणि खेळता खेळता तिने दोन्ही पायांनी मला दाबलं. भर रस्त्यात गाडी गचकन थांबली. मागच्या टेम्पोने कसाबसा ब्रेक लावला. मास्तर तिच्यावर आयुष्यात एकदाच ओरडले असतील, ते तेव्हा. त्या दिवसापासून घरात कायदा झाला. शेजारच्या सीटवर कोणीही बसो, पाय वर. खारूची आईसुद्धा साडी सावरत पाय वर घेऊन बसायची आणि म्हणायची, ही गाडी आहे की देव्हारा.

त्या सकाळी धडा नव्हता. खारूला परीक्षेला सोडायचं होतं. ती आता सोळा वर्षांची. मास्तर चालवत होते, ती माझ्यासमोरच्या सीटवर पाय दुमडून पुस्तक चाळत होती. डिकीत रिकामा डबा खडखडत होता. तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला.

"शिंपीणबाई विचारतायत, सातऐवजी साडेसातला येऊ का," मास्तर म्हणाले. "एकच मिनिट."

खारूच्या पुस्तकाचं पान उलटायचं थांबलं, ते मला ऐकू आलं. तिला काहीतरी म्हणायचं होतं, असं तिने नंतर सांगितलं. पण मास्तरांना कोण शिकवणार? ती गप्प बसली. मास्तर एका हाताने चालवत होते आणि दुसऱ्या हाताने उत्तर लिहीत होते. पायात काहीतरी कळेल, अशीच त्यांची समजूत असावी. पण तो तपकिरी बूट त्या दिवशी माझ्यावर नव्हता. तो पलीकडे होता, ॲक्सिलरेटरवर. आणि तो खाली दबलेला होता.

मग खारू किंचाळली. तिचा एक पाय सीटवरून सुटला, माझ्या दिशेने आला आणि अर्ध्यावर थांबला. अकरा वर्षांचा कायदा होता तो. मी तिचा बूट पाहिला, पांढरा, नवीन नाडीचा. माझ्यापासून वीतभर अंतरावर. मग मोठा आवाज झाला, माझी दांडी तुटली आणि काचा माझ्यावर सांडल्या.

गेला तो पोस्टमन. क्रॉसिंगवरून सायकल हातात धरून पायी चालला होता बिचारा. मास्तरांच्या ओळखीचा माणूस. शाळेत शिकून पास झालेल्यांची लायसन्सं तोच आणून द्यायचा आणि दर वेळी विचारायचा, "मास्तर, अजून एक सोडलात का रस्त्यावर?" त्याच्या पिशवीत त्या दिवशीही मास्तरांच्या शाळेच्या पत्त्याचे तीन लिफाफे निघाले. पोलीस ते गाडीशेजारी उभं राहून वाचत होते. मास्तर रस्त्यातच बसले होते.

नंतर आठ महिने आमची गाडी पोलिसांच्या आवारात उभी होती. पहारेकरी येता-जाता बोलायचे, ते मी ऐकलं. शाळा बंद पडली. मास्तरांचं लायसन्स गेलं, खटला उभा राहिला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं एक जण हसून म्हणाला. दुसरा हसला नाही. पोस्टमनची म्हातारी आई अजून पाच वाजले की दारात येऊन बसते, असं तो म्हणाला.

मग एक दिवस गाडी भंगारात द्यायची म्हणून मिस्त्री आला. बरोबर मास्तर होते आणि खारू होती. मास्तर चपला घालून आले होते, तपकिरी बूट नव्हते. खारूने दार ओढून उघडलं आणि ती आपल्या जुन्या सीटवर बसली. या खेपेला तिने पाय खाली ठेवले.

"बाबा, मी दाबला असता तर थांबली असती?"

मित्रांनो, मास्तरांना नाही म्हणता आलं असतं. मिस्त्रीनेही खोट्याला मान डोलवली असती. मीही त्या वेळी मनातून हेच म्हणत होतो की नाही म्हणा हो, एकदा तरी खोटं बोला. पोरगी आठ महिने झोपलेली नव्हती.

मास्तर दाराशी खाली बसले.

"थांबली असती कदाचित," ते म्हणाले. "पण तो दाबायचं काम तुझं नव्हतं, खारू. ब्रेक माझ्याही पायाखाली होता. माझा तर पहिला होता. तो दाबायला समोर बघावं लागतं, आणि मी बघत नव्हतो. पाय वर घे हे मीच तुला शिकवलं. तू ऐकलंस. तू काही चुकली नाहीस."

खारू रडली नाही. तिने दोन्ही पाय माझ्यावर ठेवले आणि दाबलं. पाच वर्षांची असताना दाबलं होतं तसंच, सगळा जीव लावून. दांडी तुटलेली. मी भसकन तळाला गेलो. काही थांबलं नाही, थांबण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ती बराच वेळ तशीच दाबून बसली आणि मास्तर तिच्या गुडघ्यावर हात ठेवून बसले.

मिस्त्रीने मला सोडवून घेतलं. दुसऱ्या कुठल्या शाळेच्या गाडीला लावायचं त्याला धाडस झालं नाही. आता मी त्याच्या गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेला आहे. गंज चढलाय, रबर कडक झालंय.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. आज घरी गेलात की गाडीत शेजारच्या सीटपुढे वाकून बघा. तिथे एक रबरी पायपुसणं असेल आणि थोडी धूळ. मी तिथे नाही. तिथे पाय आपटून काही होत नाही. म्हणून चालवणाऱ्याचा फोन वाजला, तर तो वाजू द्या म्हणा. आई असो, काका असोत, नाहीतर सगळ्या गावाला गाडी शिकवणारे बाबा असोत. ते एकच मिनिट म्हणतील, चिडतील, लहान तोंडी मोठा घास म्हणतील. म्हणू देत. खारू मोठ्यांचं ऐकणारी मुलगी होती, म्हणून त्या सकाळी गप्प बसली. तुम्ही बसू नका.