धाकट्याचं टॉनिक

औषधांच्या दुकानात बावीस वर्षं काउंटरमागे उभी आहे, म्हणून गल्लीत मला ‘अर्धी डॉक्टर’ म्हणतात. उरलेली अर्धी कुठं कमी पडली, ते माझ्या धाकट्या भावानं सांगायला हवं. तो आता नाही.

गॅरेजमध्ये गाड्यांचे पत्रे ठोकायचा. पन्नाशीच्या आत त्याचं लिव्हर गेलं. त्याआधी कित्येक वर्षं संध्याकाळी गळून गेलेला असायचा, बोटं दुखतात म्हणायचा, चेहरा तांबूस-काळा पडलेला.

“किती प्यायलास?”

“ताई, थेंबसुद्धा नाही गं.”

“थेंब कशाला, बाटलीच असेल.”

तो नुसता हसायचा. मग मी माझं अर्धं डॉक्टरपण बाहेर काढायची आणि अशक्तपणावर दर महिन्याला लोहाच्या टॉनिकच्या दोन बाटल्या द्यायची. शेवटची दोन वर्षं मी त्याच्याशी बोलणं टाकलं. टॉनिक मात्र भावजयीच्या हाती देत राहिले.

यंदा माझीच बोटं दुखायला लागली. तपासलं, तर रक्तात लोह भरमसाट. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या.

“हे घराण्यातून येतं,” त्या म्हणाल्या. “शरीर लोह साठवतच राहतं. बायकांचं दर महिन्याला थोडं रक्त जातं, म्हणून पाळी थांबेपर्यंत निभावतं. पुरुषांचं लिव्हर लवकर बिघडतं.”

“असलं नादुरुस्त अंग इतक्या पिढ्या टिकलंच कसं?”

“एके काळी ते उपयोगाचं असावं. पोटाला मिळत नव्हतं तेव्हा लोह धरून ठेवणारी माणसं तगली, असा अंदाज आहे. आणि लिव्हर बिघडेपर्यंत पोरंबाळं झालेली असतात. उतरायचं ते खाली उतरलेलं असतं. सख्खं कोणी आहे?”

“भाऊ होता.”

“बरं. लोहाचं टॉनिक वगैरे घेत नाही ना तुम्ही?”

मी पर्समध्ये रुमाल शोधत बसले.

भाचीचं, त्याच्या मुलीचं, रक्त तपासायला हवं होतं, म्हणजे भावजयीला सगळं सांगणं आलं. ती भाजी चिरत होती.

“तो पीत नव्हता,” मी म्हटलं. माझ्या तोंडून हे पहिल्यांदाच निघत होतं.

“मला माहीत होतं, ताई. शेजारी मी झोपत होते. वास मला आला नसता का?”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं की. पण डॉक्टर तुम्ही होतात.”

मग टॉनिकचं सांगितलं. सुरी थांबली. ती म्हणाली, “ते घेतलं की ह्यांना मळमळायचं. मी म्हणायचे, ओतून द्या. तर म्हणायचे, राहू दे, ताई बोलत नाही, पण आठवणीनं पाठवते तरी.”

मला बसायला जागा दिसेना. ओट्याला टेकून उभी राहिले.

भाची तयार होऊन बाहेर आली. “आत्या, चल. लॅब बारापर्यंतच उघडी असते.”

भावजयीनं हात धुतले, पदराला पुसले. “मीही येते,” ती म्हणाली. “आता तुम्ही एकट्यानं काही ठरवायचं नाही.”