दिव्यांच्या चित्रात वाट नव्हती

मी एक जुना दगडी जिना आहे, मित्रांनो. सिसिलीतल्या एका डोंगरावरच्या गावात, खालच्या चौकापासून वरच्या देवळापर्यंत मी चढत गेलो आहे. दोन्ही बाजूंच्या घरांची दारे थेट माझ्यावरच उघडतात.

मे महिन्यात माझ्यावर फुलांच्या कुंड्यांचे चित्र मांडतात आणि जुलैत, संतांच्या सणाला, पणत्यांचे. पणतीभोवती रंगीत कागद गुंडाळलेला असतो. दरवर्षी चित्र नवे. ते दिसते फक्त चौकातून. मांडणारा बिचारा वाकून वाकून कंबर मोडून घेतो. लोक वाहवा करतात आणि घरी जातात. सांडलेले तेल मात्र माझ्या अंगावर तसेच राहते.

मांडणीचा मुकादम होता चिरीनो कुंभार. तो माझ्या मध्यावरच राहायचा. "पाय आहेत की खुरं?" तो मांडणाऱ्यांवर खेकसायचा. "एक पणती हलली तर चित्राचा डोळा फुटेल!" सगळे हसायचे, पण त्याचा शब्द कोणी मोडत नसे. मला तो फार आवडायचा.

गेल्या वर्षी गरुडाचे चित्र होते. संध्याकाळी पणत्या पेटल्या आणि दारात खुर्चीवर बसलेला चिरीनो छाती धरून कलंडला. त्याची बायको सरीना किंचाळली. शेजारचा गायतानो धावत आला. रुग्णवाहिका खाली चौकातच उभी होती, समोर दिसत होती.

"सरळ खाली ने त्यांना!" सरीना म्हणाली. "लाथेनं उडव त्या पणत्या!"

गायतानोने एक पणती उचललीही. चिरीनोने त्याचे मनगट धरले.

"हात लावलास तर याद राख. मागच्या गल्लीनं ने."

"काका, गल्ली गाड्यांनी तुंबलीय. फार वेळ लागेल."

"मी काय लगेच मरतोय? ने म्हटलं ना!"

"अरे, त्यांचं काय ऐकतोस? माझं ऐक!" सरीना रडू लागली.

गायतानोने पणती परत ठेवली, अगदी जागच्या जागी. मग खुर्चीसकट चिरीनोला मागच्या दाराने नेले. मित्रांनो, त्या वेळी मला ओरडावेसे वाटले. पण दगडाला तोंड कुठले? चौकात टाळ्या चालू होत्या. चिरीनोचा जीव गल्लीतच गेला, उभ्या गाड्यांच्या मध्ये. गरुड शाबूत राहिला.

यंदा गावाने ठरवले, चिरीनोचाच चेहरा मांडायचा. सरीना बाहेर आली.

"चेहरा नको मला. वाट सोडा."

"काकू, वाट सोडली तर काकांचा चेहरा दुभंगेल," गायतानो हळूच म्हणाला.

"दुभंगू दे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पणत्या मांडल्या, सरीनाच्या उंबऱ्याला टेकवून. चेहरा हुबेहूब झाला. लोक रडले. ती आत बसून होती.

सरीनाही आता थकली आहे. परवा पाव घेऊन चढताना ती माझ्यावर बसली आणि बराच वेळ तिला उठता आले नाही. मित्रांनो, मला जरूर सजवा. नटायला मलाही आवडते. पण आधी एका माणसाला उचलून नेता येईल एवढी जागा मोकळी ठेवा, आणि मग उरलेल्या माझ्यावर काय मांडायचे ते मांडा.