ऱ्हस्व-दीर्घाचं कुलूप

गल्लीने वेलांटीकाकांना हे नाव उगाच दिलं नव्हतं. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. दुकानाच्या पाटीवर वेलांटी चुकलेली दिसली, की आत जाऊन दुकानदाराची हजेरी घ्यायचा आणि काही न घेताच बाहेर पडायचा. काकू टेलिफोन ऑपरेटर. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांची बोलणी जोडून दिली आणि कानावर पडलेलं अक्षरही कधी बाहेर काढलं नाही. निवृत्तीनंतर त्या आपल्या नोकरीची हकिगत लिहायला बसल्या होत्या. शुद्धलेखनाशी मात्र त्यांचं शाळेपासूनच वाकडं.

पहिली नव्वद पानं काकांनी बुडवली. घरच्या कॉम्प्युटरवर एक ईमेल आली होती, ‘तुमचे पार्सल परत जानार आहे’. जानार! दुसरा कुणी असता तर तिथेच सावध झाला असता. काकांना राहवेना. आणखी चुका किती, ते मोजायला त्यांनी सोबतची फाइल उघडली. सतरा भरल्या. तोवर व्हायरसने घरातल्या सगळ्या फाइली गिळल्या होत्या, काकूंच्या पानांसकट.

काकूंनी आदळआपट केली नाही. स्वतःचा वेगळा लॅपटॉप घेतला आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. मुलीने त्यात अँटिव्हायरस घातला, रोज वेगळ्या ड्राइव्हवर प्रत काढायला शिकवलं आणि बजावलं, "आई, पासवर्ड लांबलचक ठेव. आणि बाबांना सांगू नकोस."

पासवर्ड तीन शब्दांचा झाला. पण काकूंना टाइप करताना पुटपुटायची सवय, त्यामुळे आठवड्याभरात तो शेजाऱ्यांनाही पाठ झाला: दूरध्वनी, परीक्षा, जाहिरात. मुलीने कपाळाला हात लावला.

"अगं आई, ओरडून काय सांगतेस?"

"ऐकू देत की. लिहिता कुठे येतोय तुझ्या बाबांना!"

खरंच येत नव्हता. बायकोचं पुस्तक अशुद्ध छापलं जाणार, या धास्तीने काकांना चैन पडत नव्हतं. काकू बाजारात गेल्या की ते तिन्ही शब्द निर्दोष टाइप करायचे आणि लॅपटॉप त्यांना ‘चुकीचा पासवर्ड’ असं सुनावायचा. पाचव्यांदा तेच झालं की तो काही वेळ कुणालाच दाद द्यायचा नाही. घरी आल्यावर काकूंच्या लगेच लक्षात यायचं.

"आज परीक्षेला बसला होतात वाटतं?"

काकू ‘दुरध्वनी’, ‘परिक्षा’ असं ऱ्हस्व लिहायच्या आणि ‘जाहीरात’ला हमखास दीर्घ वेलांटी द्यायच्या. संसारभर काकांनी त्यांची पत्रं, याद्या, चिठ्ठ्या लाल केल्या होत्या, तरी काकूंचा हात बदलला नव्हता. आपल्या चुकांचा इतका अभिमान त्यांना आजवर कधी वाटला नव्हता. काकांच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता असं नाही. चौथ्याच दिवशी पडला होता. पण बोट धजत नव्हतं.

चौदा महिन्यांनी, एका दुपारी, काकूंनी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला.

"पूर्ण झालं. पहिले वाचक तुम्ही. पण उघडायचं तुम्हीच."

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग एकेक अक्षर दाबत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून तीन चुका केल्या. लॅपटॉप उघडला.

काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि घासलेलेच डबे पुन्हा घासत बसल्या. बाहेरून ना खाकरणं, ना च् च् करणं. दोन तासांनी न राहवून त्या दारात आल्या. काका पुराच्या दिवसाच्या प्रकरणावर थांबले होते. त्या दिवशी अर्धं शहर पाण्यात होतं आणि काकू नऊ तास खुर्चीवरून न उठता माणसांना माणसं जोडून देत होत्या.

"त्या दिवशी तू घरी आलीस," काका मान वर न करता म्हणाले, "आणि उशीर केलास म्हणून मी चिडलो होतो."

"हो."

"बोलली नाहीस काही."

"तुम्ही विचारलं कुठे?"

काकू जवळची खुर्ची ओढून बसल्या. जे विचारायला आल्या होत्या, ते त्यांनी ताठ मानेने विचारलं.

"चुका किती?"

"असतील," काका म्हणाले, "बघायला सवड कुठे झाली!"